अपिलाची मुदत हुकली तर काय करायचं? ठाणे–नवी मुंबईच्या पक्षकारांसाठी पायरीपायरीने

ठाण्यात कोर्ट नाक्यावर वकिलाच्या टेबलाशी येणारा माणूस बहुतेकदा एका वाक्यात सगळं सांगून मोकळा होतो: "निकाल विरोधात गेला, महिना उलटला, आता काही होईल का?" बऱ्याचदा होऊ शकतं. उशीर किती दिवसांचा हे कोर्ट बघतंच, पण त्या दिवसांत तुम्ही काय करत होतात याकडे त्याचं जास्त लक्ष असतं. तीन वर्षांचा उशीर माफ झालेला आहे आणि तीन आठवड्यांचा नाकारलाही गेला आहे. म्हणून उशीर झाल्याचं कळल्या क्षणापासून तुमच्या प्रत्येक कृतीवर तारीख आणि कागद असला पाहिजे.

मुदत खरंच गेली आहे का?

हे आधी तपासा. कारण घाईघाईने विलंब माफीचा अर्ज करणाऱ्यांपैकी काहींची मुदत मुळात गेलेलीच नसते, आणि "अजून वेळ आहे" म्हणणाऱ्यांपैकी काहींची केव्हाच संपलेली असते.

दिवाणी अपिलाची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११६ मध्ये दिली आहे. अपील जिल्हा न्यायालयात जाणार असेल तर ३० दिवस, उच्च न्यायालयात जाणार असेल तर ९० दिवस. हे दिवस हुकूमनाम्याच्या (निकालावरून काढलेल्या औपचारिक आदेशाच्या) तारखेपासून धरतात आणि हुकूमनाम्यावर तारीख पडते ती न्यायाधीशांनी निकाल दिला त्या दिवसाची, मग तो प्रत्यक्ष तयार व्हायला पुढे पंधरा दिवस का लागेनात. तुम्ही त्या दिवशी कोर्टात नव्हता, वकिलांनी आठवड्याने कळवलं, हे सगळं पुढे कारण म्हणून मांडता येईल. मुदत मात्र त्याआधीच सुरू झालेली असते.

अपील कुठे जाणार, हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, निकाल कोणत्या कोर्टाचा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील होतं. वरिष्ठ स्तराच्या निकालावर दाव्याचं मूल्यांकन ठराविक रकमेपेक्षा जास्त असेल तर ते थेट मुंबई उच्च न्यायालयात जातं, नाहीतर जिल्हा न्यायालयातच. ही रक्कम कायद्यात वेळोवेळी वाढवलेली आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या जुन्या केसवरून अंदाज बांधू नका. दाव्याच्या शेवटी "मूल्यांकन" म्हणून जो परिच्छेद असतो तो वकिलांना दाखवा. दुसरी गोष्ट जिल्ह्याची. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. पत्त्यावर नवी मुंबई लिहिलेलं असलं तरी पनवेलच्या निकालाचं अपील ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात चालत नाही. (१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, पण ठाणे आणि रायगड त्यात नाहीत. आपल्याला फोर्टलाच जायचं आहे.)

आता नकलेचा, म्हणजे निकालाच्या प्रमाणित प्रतीचा, हिशोब. बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून उदाहरण घेऊ. घणसोली गावठाणातल्या घराचा दोन भावांमधला वाद, बेलापूर कोर्टाचा निकाल १ जुलैला झाला. धाकट्याने ४ जुलैला नकलेचा अर्ज दिला. नक्कल १८ जुलैला तयार झाली. त्याने ती २८ जुलैला नेली. शेवटचा दिवस कोणता?

मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस सोडायचा आणि नक्कल मिळवायला लागलेला वेळ वजा करायचा. २ जुलैपासून ३० दिवस मोजले की ३१ जुलै येतो. ४ ते १८ जुलै हे नकलेचे १५ दिवस. ते पुढे जोडले की १५ ऑगस्ट. त्या दिवशी कोर्ट बंद, म्हणून कलम ४ प्रमाणे कोर्ट पुन्हा उघडेल त्या पहिल्या दिवशी अपील दाखल केलं तरी ते मुदतीत धरलं जाईल. १८ ते २८ जुलै हे दिवस मात्र हिशोबात येत नाहीत, कारण नक्कल तयार होती, नेली नाही ती धाकट्याने. आणि "नक्कल हातात पडल्यापासून तीस दिवस" असं धरून २७ ऑगस्टपर्यंत निवांत राहिलेला पक्षकार ही कोर्टात रोज दिसणारी गोष्ट आहे.

नकलेच्या शेवटच्या पानामागे नक्कल विभागाचा शिक्का असतो. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, अशा ओळी त्यात पेनाने भरलेल्या असतात. त्या ओळींवरच तुमची मुदत ठरते. काउंटर सोडण्याआधी त्या वाचा. तारीख पुसट असेल, राहिली असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. नंतर ती दुरुस्ती मागण्यात आणखी दिवस जातात.

दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. मुदत संपल्यावर नकलेचा अर्ज केला तर त्या नकलेला लागलेला वेळ वजा मिळत नाही. आणि हुकूमनामा तयार व्हायला कोर्टाने घेतलेला, तुमच्या अर्जाच्या आधीचा वेळही मिळत नाही. कलम १२ च्या स्पष्टीकरणात तसं सरळ लिहिलं आहे. म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकायचा. जिंकलात तरी टाका.

उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुदत संपली तर हेच कलम ४ उपयोगी पडतं, पण त्याची धाव तेवढीच. ते मुदत वाढवत नाही. कोर्ट उघडल्याच्या दिवशी दाखल केलं नाही, तर विलंब मूळ तारखेपासूनच मोजला जातो.

तुमचा निकाल नेमका दिवाणी कोर्टाचाच आहे ना?

घराची किंवा पैशांची भांडणं वेगवेगळ्या ठिकाणी चालतात आणि प्रत्येक ठिकाणची मुदत वेगळी आहे. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या निकालाला ३० दिवस. सोसायटीचा वाद सहकार न्यायालयात गेला असेल तर अपिलाला दोन महिने. व्यापारी न्यायालयाच्या निकालाला ६० दिवस. महारेराच्या आदेशावर अपिलीय न्यायाधिकरणात ६० दिवस. जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात ४५ दिवस, आणि तिथे ज्याला पैसे द्यायचा आदेश झाला त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालाला ९० दिवस आहेत, पण कौटुंबिक न्यायालय कायद्यात आकडा ३० चा आहे, तेव्हा तीसच्या आत जाणं केव्हाही बरं.

नवी मुंबईत आणखी एक प्रकार घरोघरी आहे, तो म्हणजे भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचा निवाडा असेल तर उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस, आणि कारण पटलं तर कोर्ट जास्तीत जास्त आणखी ६० दिवस देऊ शकतं. कलमात त्यापुढची सोय लिहिलेली नाही. लवादाच्या निवाड्याला आव्हान देतानाही असंच आहे: तीन महिने, वर ३० दिवस, मग काही नाही. अशा ठिकाणी कारण कितीही खरं असलं तरी कोर्टाचे हात बांधलेले असतात. म्हणून "विलंब माफ होतो हो" हा कट्ट्यावरचा सल्ला ऐकण्याआधी तुमचा निकाल कोणत्या कायद्याखालचा आहे ते बघा.

पुढचं सगळं साध्या दिवाणी अपिलाबद्दल आहे. तिथे मुदत कायद्याचं कलम ५ लागू पडतं आणि "पुरेसं कारण" दाखवलं तर विलंबाला वरची मर्यादा नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत

नकलेचा अर्ज केला नसेल तर आजच करा. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा दोन्हींची नक्कल मागा. हुकूमनामा तयार नसेल तर त्यासाठी अपील अडत नाही. न्यायनिर्णयाच्या नकलेवर अपील दाखल करता येतं.

ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकून निकाल उतरवून घ्या. तो प्रमाणित नसतो, पण वकिलांना मसुदा सुरू करायला पुरतो. त्याच पानावर केसच्या सगळ्या तारखा दिसतात. त्यांचा स्क्रीनशॉट ठेवा. दाव्याच्या रोजनाम्याचीही नक्कल मागा. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, समन्स कसं बजावलं, निकालाला वकील उभे होते की नाही, हे रोजनाम्यातून कळतं. तुमच्या कारणाला आधार देणारा सगळ्यात भरवशाचा कागद बहुतेक वेळा तोच ठरतो. अर्थात तुमचं कारण खोटं असेल तर ते उघडं पाडणाराही तोच.

जुन्या वकिलांकडून फाइल घ्या. फी राहिली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात सांगितलं आहे. तरी भांडत बसू नका. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर नम्रपणे एक ओळ लिहा, म्हणजे मागितल्याची तारीख राहते. फाइल येईपर्यंत नवीन वकिलांचं काम थांबवायचं कारण नाही. अपिलासाठी वकीलपत्र नवीनच लागतं.

वारस चार असतील आणि त्यातला एक दुबईला असेल तर त्याच्या सहीसाठी थांबू नका. हुकूमनामा सगळ्यांना समान असलेल्या मुद्द्यावर उभा असेल तर एकटाही अपील करू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ४ मध्ये तशी सोय आहे. न आलेल्यांना उत्तरवादी करायचं, एवढंच. कोर्ट फीचे पैसे जमले नाहीत म्हणून थांबणारेही बरेच. त्याच संहितेच्या कलम १४९ खाली कमी पडलेली फी नंतर भरायला कोर्ट परवानगी देऊ शकतं. खात्री नसते, पण दाखल केलेलं अपील घरात पडलेल्या मसुद्यापेक्षा केव्हाही चांगलं.

दरखास्तीकडे लक्ष ठेवा

अपील दाखल केलं की निकाल आपोआप थांबतो, हा समज फार पसरलेला आहे. तसं होत नाही. समोरचा माणूस मुदत संपल्याची वाट बघत असतो आणि दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करतो. बेलिफ दारात येतो तेव्हा तुमचा विलंब माफीचा अर्ज "म्हणणे"च्या, म्हणजे समोरच्याच्या लेखी उत्तराच्या, टप्प्यावर असतो. आदेश ४१ नियम ३अ म्हणतो की मुदतबाह्य अपिलात, ते ऐकायचं असं कोर्टाने ठरवेपर्यंत, अंमलबजावणीला स्थगिती द्यायची नाही. मुदत हुकल्याचा खरा फटका बसतो तो इथे.

मुदत अजून शिल्लक असेल तर निकाल देणाऱ्या कोर्टालाच त्याच दिवशी स्टे मागा. आदेश ४१ नियम ५ खाली अपिलाची मुदत संपण्याआधी ते कोर्ट काही दिवस अंमलबजावणी थांबवू शकतं. मुदत गेली असेल तर विलंब माफीच्या अर्जासोबत तातडीने सुनावणी घेण्याचा वेगळा अर्ज द्या. त्यात दरखास्तीचा नंबर, पुढची तारीख आणि ताबा जाण्याचा धोका नेमका लिहा. दरखास्तीतही हजर राहा. नोटीस परत पाठवून, दार न उघडून काही साधत नाही. उलट तेच तुमच्या विलंबाच्या अर्जाला उत्तर म्हणून समोरून येतं. निकाल पैशाचा असेल तर काही रक्कम कोर्टात भरायची तयारी दाखवा.

समोरच्याने कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा आगाऊ अर्ज) लावलं असेल तर त्याला कळवल्याशिवाय आदेश मिळणार नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं. आहे का ते दाखल करतानाच तपासा आणि प्रत आधी पाठवा, नाहीतर पहिली तारीख त्यातच जाते.

विलंब माफीचा अर्ज

अपिलाचा मेमो (अपिलाची कारणं मांडणारा मूळ अर्ज), विलंब माफीचा अर्ज आणि त्याला आधार देणारं प्रतिज्ञापत्र एकत्रच दाखल करायचं असतं. अर्ज मागाहून दिला म्हणून अपील लगेच फेटाळू नये, ती दुरुस्त होण्याजोगी त्रुटी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश राज्य विरुद्ध प्रदीप कुमार या २००० च्या निकालात म्हटलं आहे. पण मुद्दाम तसं करण्यात अर्थ नाही. जिल्हा न्यायालयात हा अर्ज दिवाणी किरकोळ अर्ज म्हणून नंबर घेतो. तो मंजूर झाल्यावर अपिलाला नंबर पडतो.

बहुतेक अर्ज असे लिहिलेले असतात:

"अर्जदार आजारी असल्यामुळे व आर्थिक अडचणीमुळे अपील मुदतीत दाखल करता आले नाही. विलंब जाणूनबुजून केलेला नाही. सबब विलंब माफ व्हावा."

यात कोणी आजारी, केव्हापासून केव्हापर्यंत, कोणत्या दवाखान्यात, बरा झाल्यावर काय केलं, यातलं काहीच नाही. न्यायाधीशांना हे वाक्य पाठ झालेलं असतं. वरच्याच उदाहरणातल्या धाकट्या भावाचा अर्ज असा हवा:

"नक्कल दि. १८ जुलै रोजी तयार झाली व अर्जदाराने ती दि. २८ जुलै रोजी घेतली. दि. २ ऑगस्ट रोजी वकिलांशी चर्चा करून अर्जदाराने दाव्यातील कागदपत्रे त्यांच्याकडे दिली. दि. १० ऑगस्ट रोजी अर्जदारास पोटात तीव्र वेदना झाल्याने रुग्णालयात दाखल करून शस्त्रक्रिया करण्यात आली. दि. २४ ऑगस्ट रोजी घरी सोडले व दहा दिवस विश्रांती सांगितली. डिस्चार्ज कार्ड यादीत क्र. ३ वर आहे. दि. ४ सप्टेंबर रोजी अर्जदाराने वकिलांकडे जाऊन मेमोवर सह्या केल्या, कोर्ट फी भरून दि. ९ सप्टेंबर रोजी अपील दाखल केले. मुदत दि. १५ ऑगस्ट रोजी संपली असून विलंब २५ दिवसांचा आहे."

हा परिच्छेद भावनिक नाही, तरी पटतो, कारण प्रत्येक तारखेमागे कागद आहे. आणि लक्षात घ्या, तो मुदत संपल्याच्या तारखेपासून सुरू होत नाही. मुदत चालू असतानाचे दिवसही त्यात सांगितले आहेत. १९६१ च्या रामलाल विरुद्ध रेवा कोलफिल्ड्स या निकालावर बोट ठेवून काही जण फक्त मुदत संपल्यानंतरचा काळ समजावतात. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाची नजर त्याहून कडक झाली आहे, म्हणून निकालाच्या दिवसापासून दाखल केल्याच्या दिवसापर्यंतचा सगळा काळ मांडावा.

माझा आग्रह असतो की अर्ज लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदावर तारखा एकाखाली एक मांडा: निकाल, नकलेचा अर्ज, नक्कल तयार, वकिलांची भेट, आजार, फी, दाखल. मग दोन तारखांमधलं अंतर बघा. जिथे सात-आठ दिवसांहून मोठी पोकळी दिसते तिथेच समोरचा वकील बोट ठेवणार. तिथलं कारण आठवा, कागद शोधा. वरच्या अर्जात १८ ते २८ जुलैचं कारण नाही, ते हवं. कारण नसेलच तर बनवू नका. "त्या आठवड्यात काही हालचाल झाली नाही, अर्जदार वकिलांच्या फोनची वाट पाहत होता" हे खरं वाक्य मामाच्या खोट्या अंत्यविधीपेक्षा बरं. प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहिणं हा गुन्हा आहेच, आणि उलटतपासात एक तारीख खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या तारखाही पडतात.

विलंबाचे दिवस मोजून लिहा. "काही दिवसांचा" किंवा "अल्पसा" असं लिहू नका. आकडा चुकला तर आदेशात तेवढेच दिवस माफ होतात, आणि मग उरलेल्या चार दिवसांसाठी पुन्हा अर्ज करत बसावं लागतं.

अपिलात दम आहे हे दोन-तीन ओळींत सांगायला हरकत नाही. पण तोच मुख्य आधार करू नका. पथपती सुब्बा रेड्डी या २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विलंब माफ करताना मूळ वादाच्या गुणदोषात शिरायचं नाही. त्या प्रकरणात विलंब ५,६५९ दिवसांचा होता आणि तो माफ झाला नाही.

कोणतं कारण कितपत चालतं

आजारपणाला डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, तपासण्यांचे अहवाल. नुसतं "विश्रांतीचा सल्ला दिला" असं, उशिराच्या तारखेचं प्रमाणपत्र कमजोर. परदेशी किंवा परगावी होता तर पासपोर्टवरचे शिक्के, तिकिटं. गावी मृत्यू झाला तर मृत्यूचा दाखला. चुकीच्या कोर्टात अपील केलं, म्हणजे ठाण्याला दाखल केलं आणि मूल्यांकनामुळे उच्च न्यायालयात जायला सांगितलं, तर तिथला मेमो, परत केल्याचा आदेश आणि परत मिळाल्याची तारीख. असा प्रामाणिकपणे वाया गेलेला वेळ कोर्ट सहसा समजून घेतं, पण परत मिळाल्यावर तुम्ही किती लवकर हललात हेही बघतं.

"वकिलांनी कळवलंच नाही" हे सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं आणि सगळ्यात जास्त संशयाने बघितलं जाणारं कारण. कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं रफिक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) म्हणतो. पण वकिलावर ढकलून पक्षकार दरवेळी सुटत नाही, असं सलिल दत्ता प्रकरणात (१९९३) म्हटलं आहे. फरक पाडतो तो तुमचा पाठपुरावा. एन. बालकृष्णन विरुद्ध एम. कृष्णमूर्ती (१९९८) मध्ये ८८३ दिवसांचा विलंब माफ झाला. त्या पक्षकाराने हलगर्जी करणाऱ्या वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाऊन ५०,००० रुपयांची भरपाईही मिळवली होती. (आज तो मार्ग नाही. वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवलं.) तुम्ही तारीख विचारणारे मेसेज केले असतील तर ते जोडा. मोबाइलवरचे मेसेज पुराव्यात द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. आधी ते ६५ब म्हणून ओळखलं जायचं. ते विसरलात तर मेसेज असूनही कामाला येत नाहीत.

पैशांची अडचण एकट्याने क्वचितच पुरते. "कायदा माहीत नव्हता" तर जवळपास नाहीच. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांची "फाइल फिरत होती" ही सबबही आता सहज चालत नाही. शिवम्मा विरुद्ध कर्नाटक गृहनिर्माण मंडळ या २०२५ च्या निकालात ३,९६६ दिवसांचा माफ झालेला विलंब सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तुमच्या विरोधात एखादं प्राधिकरण उशिरा अपिलात आलं असेल तर हा निकाल तुमच्या वकिलांच्या हाताशी असू द्या.

१९८७ च्या कातीजी निकालातली "प्रत्येक दिवसाचा उशीर समजावून सांगा हे अट्टाहासाने घेऊ नका" ही भूमिका प्रत्येक अर्जात उतरवलेली असते. ती आजही कायदा आहे. पण नुसती उतरवून तारखांच्या जागा भरत नाहीत.

निकाल एकतर्फी असेल तर

समन्स मिळालंच नाही, बेलिफाने जुन्या पत्त्यावर चिकटवलं, आणि दरखास्तीची नोटीस आल्यावर निकाल कळला. अशा माणसाला दोन वाटा आहेत. आदेश ९ नियम १३ खाली त्याच कोर्टात एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज. त्याची मुदत ३० दिवस, आणि समन्स नीट बजावलं नसेल तर ती कळल्याच्या दिवसापासून मोजतात. दुसरी वाट अपिलाची, पण तिथे मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच चालते, कळलं नाही हे फक्त कारण म्हणून मांडता येतं. समन्सचाच मुद्दा असेल तर पहिली वाट सरळ. ती अपयशी ठरली आणि मग अपिलात आलात, तर आधीच्या कार्यवाहीत गेलेला वेळ पुरेसं कारण ठरू शकतो. महाराष्ट्रातल्याच भिवचंद्र शंकर मोरे विरुद्ध बाळू गंगाराम मोरे या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसं मान्य केलं. उलटा क्रम मात्र चालत नाही. अपील मागे घेण्याखेरीज कोणत्याही कारणाने, अगदी मुदतबाह्य म्हणूनही, निकाली निघालं की एकतर्फी निकाल रद्द करण्याचा अर्ज टिकत नाही.

अर्ज दाखल झाल्यावर

समोरच्याला नोटीस निघते, तो म्हणणे देतो, कधी उलटतपास होतो, मग युक्तिवाद. नोटिशीचा पत्ता बरोबर द्या. नोटीस परत आली की दोन तारखा गेल्याच. तुमचा एकही दिवस तुमच्या गैरहजेरीमुळे वाया जाता कामा नये, कारण विलंब माफ करून घ्यायला आलेला माणूसच तहकुबी मागतो हे कोर्टाच्या डोळ्यांत खुपतं.

विलंब बहुतेकदा खर्च भरण्याच्या अटीवर माफ होतो. आदेशात खर्च भरायची शेवटची तारीख असते. ती चुकली तर माफी मिळूनही गेली असं समजा. आदेश झाला की दुसऱ्याच दिवशी भरा, पावतीची प्रत रेकॉर्डवर द्या. अपिलाला नंबर पडला की लगेच स्टेचा अर्ज चालवा. उच्च न्यायालयात असाल तर ऑफिसने काढलेल्या त्रुटी दिलेल्या मुदतीत दूर करा. त्या राहिल्यामुळे फेटाळलं गेलेलं अपील पुन्हा उभं करायचं म्हणजे आणखी एक विलंब माफीचा अर्ज.

याच काळात समोरचा पक्षकार वारला तर त्याचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणायचे असतात, नाहीतर त्याच्यापुरतं अपील आपोआप संपतं. ते उठवायला पुढचे ६० दिवस. गावातली बातमी कानावर आली की वकिलांना त्याच दिवशी कळवा.

नाकारला तर

विलंब माफीचा अर्ज फेटाळला आणि त्यामुळे अपीलही मुदतबाह्य म्हणून गेलं, तर तोही अपिलातलाच निर्णय मानला जातो, असं श्याम सुंदर सर्मा विरुद्ध पन्नालाल जैस्वाल (२००४) या निकालात सांगितलं आहे. म्हणजे उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलाचा विचार करता येतो, मुदत ९० दिवस. त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. अपिलाला नंबरच पडलेला नसेल तर रिट याचिका योग्य की दुसरं अपील, हे आदेशाची भाषा पाहून वकिलांनी ठरवायचं. आदेशाची नक्कल मात्र त्याच दिवशी मागायची.

दरम्यान ताबा गेला किंवा रक्कम वसूल झाली तरी लढाई संपत नाही. पुढे हुकूमनामा फिरला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जे गेलं ते परत मागता येतं. त्यासाठी ताबा घेताना बेलिफाने केलेला पंचनामा, घरातल्या सामानाची यादी, फोटो आणि भरलेल्या रकमेच्या पावत्या जपून ठेवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, अपंगांना आणि कायद्यातल्या आणखी काही गटांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना आहे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा नंबर १५१००. अर्ज करताना निकालाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख वरच ठळक लिहा, म्हणजे वकील लवकर नेमून मिळावा अशी विनंती करता येते. आणि त्या अर्जाची पोच घ्या, कारण तीही तारखांच्या यादीत जोडायची आहे.